झुंबरबाईची सावड

आपली बायको झुंबरबाई गेल्याचं हौसरावला शाळेच्या मंडपात कळलं, आणि तेही सगळ्यात शेवटी कळलं.

त्या दिवशी निमोण्याच्या शाळेत पैशाचं शिक्षण द्यायला एका संस्थेची माणसं आली होती. शेतकरी आणि शाळेची पोरं, दोघांना एकदमच शहाणं करायचं असा बेत होता. पुढं सतरंजीवर पोरं, मागं खुर्च्यांवर बाप्ये, कडेला बचत गटाच्या बाया. शिकवणारा सुदर्शन नावाचा तरणा माणूस. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात दोरीला कार्ड. आल्या आल्या त्यानं एक पाटी फिरवली आणि सगळ्यांचे मोबाईल त्यात टाकायला लावले.

"आज फक्त पैशाकडं लक्ष द्या, मग पैसा जन्मभर तुमच्याकडं लक्ष देईल," तो म्हणाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

हौसराव आपल्या हौसेनं आला नव्हता. सोसायटीचे चेअरमन सोपानराव यांचा निरोप होता की खुर्च्या रिकाम्या दिसायला नकोत. सोपानरावाचा निरोप मोडायचा म्हणजे खताच्या पोत्यासाठी पुढं चार चकरा मारायच्या. म्हणून तो आला, मागच्या खुर्चीत बसला, आणि मांडीवर मिळालेल्या समोशाच्या पुडीचं तेल धोतराला लागू नये म्हणून ती दोन बोटांत धरून राहिला.

पाटीत एक मोबाईल वाजायला लागला. थांबला, पुन्हा वाजला. सुदर्शननं तो वर धरला.

"बघा, आपला पैसासुद्धा आपल्याला अशाच हाका मारत असतो. आपण ऐकत नाही."

लोक हसले. हौसरावही हसला. मोबाईल त्याचाच होता, पण एवढ्या हशात उठून तसं सांगायची त्याला लाज वाटली. सुदर्शननं बटण दाबून त्याचं तोंड बंद केलं आणि तो पाटीत टाकला.

फोन दौंडहून होता. त्याची लेक प्रतिभा तिथं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायची. झुंबरबाई लेकीला भेटायला गेली होती. सकाळी नळावर कळशी भरता भरता ती खाली बसली आणि तिथून उठलीच नाही.

शेवटी सून शितल पळत आली. ती रांजणगावच्या कंपनीत पॅकिंगला जायची. निम्म्या वाटेवरून माघारी फिरली होती, अंगात अजून कंपनीचा निळा कोट होता. मंडपाच्या तोंडाशी येऊन तिनं हंबरडा फोडला, "मामा, आत्या गेल्या हो!"

हौसराव उठला तशी खुर्ची मागं पडली. समोसा मातीत गेला. तो पुढं जाऊन पाटीत हात घालून आपला मोबाईल शोधायला लागला. सगळे काळे, सगळे सारखे. त्याच्या डोक्यावर माईक बोलत होता. "सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळू." मंडप उभा राहिला. मोबाईल सापडला. शितलनं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. तो फाटकापाशी पोचला असेल नसेल, तोच मागून सुदर्शनचा आवाज आला.

"मित्रांनो, मला फार वाईट वाटतंय. पण सकाळपासून मी तुम्हाला हेच सांगत होतो. मरण सांगून येत नाही. मग आधी काय काढून ठेवायचं?"

"विमा!" पोरं एका आवाजात ओरडली.

हौसराव फाटकाचा गज धरून तिथंच ओकला.

*

दहावा घोडनदीच्या काठावर झाला. महाराजांचं प्रवचन झालं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. ज्यांनी झुंबरबाईला कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं त्यांनी तिला माऊली म्हटलं. एकानं तिचं नाव चुकवलं, मागून कुणीतरी सांगितलं तेव्हा सुधारून घेतलं. हौसराव खाली मान घालून पायाशी पडलेली पानाची पिंक बघत होता. कुणीतरी घाटाच्या पायरीवरच थुंकलं होतं.

मग सोपानरावांनी माईक सुदर्शनच्या हातात दिला.

"दुःखाच्या प्रसंगी बोलू नये," सुदर्शन म्हणाला, आणि बोलत राहिला. त्याच्याबरोबरच्या दोन पोरी लोकांच्या हातात रंगीत कागद देत फिरत होत्या. कागदावर हसरं कुटुंब होतं, त्यांच्या डोक्यावर छत्री होती. हौसरावचा मुलगा महेंद्र ओल्या पंचानं, नुकत्याच भादरलेल्या डोक्यानं पिंडापाशी उभा होता. त्यालाही त्यांनी कागद दिला. त्याला तो कुठं ठेवावा कळेना. शेवटी पायाखाली गेला आणि ओल्या तळव्याला चिकटून त्याच्याबरोबर फिरत राहिला.

भाषण चालू असतानाच कावळा पिंडाला शिवून गेला. कधी शिवला ते कुणीच पाहिलं नाही. दर्भाचा कावळा करायची तयारी चालली होती तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "अरं, भात कुठाय आता? खाल्ला की त्यानं मघाच."

झुंबरबाईला बघायला आलेला तेवढा एकच, आणि त्याच्याकडंही कुणी बघितलं नाही, असं हौसरावच्या मनात आलं.

*

घरी परतल्यावर रडायला सवड नव्हती. कांद्याचं रोप लागणीला आलं होतं, त्याच्या पाती आडव्या व्हायला लागल्या होत्या. कालव्याच्या चारीला पाणी सुटलं होतं. पाणी आहे तोवर वाफे भिजवून लागण उरकायची, नाहीतर रोप जागेवर पिवळं पडायचं. पैसे देऊन मजूर आणावेत तर हाताशी होतं ते दहाव्यात गेलं होतं. आणि एकदम सगळ्यांच्याच वावरात पाणी आल्यामुळं पैसे देऊनही टोळ्या मिळत नव्हत्या.

पण हौसरावला त्याची काळजी असायचं कारण नव्हतं. झुंबरबाईची सावड होती. गावातल्या काही बाया वर्षानुवर्षं सावडीनं कांदा लावत. आज हिच्या वावरात, उद्या तिच्या. पैशाची बात नाही, दुपारची भाकरी ज्याचं वावर त्याची. दिवाळी झाल्यापासून झुंबरबाई सगळ्यांच्या वावरात बसून आली होती. चिखलात उकिडवं बसून तिचे गुडघे सुजले होते, बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, नखांत कांद्याचा वास मुरला होता. रात्री शितल तिच्या गुडघ्यांना तेल चोळायची. "आता समदी वावरं झाली," ती जाताना म्हणाली होती. "आपलं ऱ्हायलंय तेवढं. त्येच्या आधी लेकीचं तोंड बघून येते."

हौसराव गिताबाईकडं गेला. सावडीत तिचा शब्द चालायचा. ती झुंबरबाईच्या माहेरची, केंदूरची, म्हणून हौसरावला दाजी म्हणायची. गोठ्यात ती म्हशीच्या अंगावरचं शेण खरवडत होती.

"गिताबाई, वाफे भिजवतोय. बायांना सांगायचं का?"

ती हात न थांबवता म्हणाली, "बघते दाजी."

"बघते म्हंजी?"

"आवो, गटाच्या मिटिंगीत त्या सरानं डोकी फिरवून ठिवल्याती बायांची. म्हणला, सावड म्हंजी निव्वळ तोटा. रोज लावा, पैसं मोजून घ्या. आन् म्हणला, लिवलेलं नसंल तर ते देणंच न्हाई. माणूस मेलं की वेव्हार मेला."

"आन् तुझं काय म्हणणं?"

"माझं काय म्हणणं असायचं! मी अंगठ्यावाली. बोलते बायांशी." तिनं म्हशीला ढुशी देऊन बाजूला सारलं. "सावडीभाईरचं अजून एक वावर हातात हाय. ते हुंद्या."

तिनं एकदाही त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही. वाटेनं येताना हौसराव मनाशी म्हणाला, हिनं हात झटकले. मेलेल्या बाईची सावड कोण फेडतंय!

*

त्या संध्याकाळी नात प्रांजल पडवीत अभ्यासाला बसली होती. ती सातवीत होती. पेन चावत बसली होती आणि पुढचं काही लिहीत नव्हती.

"काय अडलं गं?"

"काय न्हाई आबा."

"वाच की मोठ्यांदा. मलाबी कळू दे काय शिकवत्यात."

तिनं आधी आईकडं बघितलं. शितल चुलीपाशी होती. मग प्रांजलनं खालच्या आवाजात वाचलं. "एका गावातील शेतकरी ह. यांच्या पत्नीचे अचानक निधन झाले. पत्नीचे वार्षिक उत्पन्न शून्य होते. तिचा विमा काढलेला नव्हता. अंत्यविधी व दहाव्याचा खर्च घरातील शिलकीतून केला. तर कुटुंबाचे एकूण नुकसान किती?"

चुलीतलं लाकूड तडतडलं. शितलचा भाकरी थापणारा हात थांबला.

"कुणी दिलं हे?"

"सुदर्शन सरांनी. प्रत्येक शनिवारी येत्यात ते. त्यांनी नाव घेतलं न्हाई आबा, पण वर्गात समद्यांनी माझ्याकडं बघितलं."

"मग उत्तर काय येतं?"

"दहाव्याला झाला तेवढा खर्च." "आजीचं काहीच येत न्हाई त्यात."

हौसराव बाहेर जाऊन बसला.

पुढच्या शनिवारी तो शाळेत गेला. सुदर्शन हेडमास्तरांच्या खोलीत पोहे खात होता. उठून उभा राहिला, नमस्कार केला, खुर्ची पुढं केली. वागण्यात काही उणं नव्हतं. हौसरावला त्याचीच चीड आली.

"ते गणित पुसा," हौसराव उभ्यानंच म्हणाला.

"आबा, त्यात नाव कुठं आहे?"

"ह म्हंजी कोण?"

"ह म्हणजे कुणीही. जवळचं उदाहरण असलं की मुलांना पटकन समजतं."

"तिचं उत्पन्न शून्य कसं?"

"आजी मजुरीला जायच्या का?"

"न्हाई. सावडीला जायची."

"पैसे मिळायचे?"

"न्हाई."

"मग?" सुदर्शन म्हणाला. तो टिंगल करत नव्हता. त्याला खरंच पुढचं उत्तर हवं होतं. त्याच्या मिशीला पोह्याचा एक दाणा चिकटला होता आणि बोलताना तो हलत होता. तिनं काय केलं ते पैशात कसं सांगायचं हे हौसरावला येत नव्हतं.

"उलट तुम्हीच आम्हाला मदत करा," सुदर्शन म्हणाला. "एक छोटा व्हिडिओ करू. तुम्ही दोन वाक्यं बोला. आमच्याकडून चूक झाली, विमा काढला नाही. तुमच्या तोंडून आलं की गावोगाव लोक ऐकतील."

"तोंडात शेण घालून घीन," हौसराव म्हणाला, "पर हे बोलायचा न्हाई."

*

शेण घालायची गरज पडली नाही. पाण्यानंच ते काम केलं.

चारी बंद व्हायची बातमी गावात फिरायला लागली. गिताबाईकडून काही निरोप नव्हता. हौसराव, महेंद्र आणि कंपनीत रजा टाकून आलेली शितल, असे तिघंच लागणीला बसले. हौसरावची कंबर वाफ्याच्या अर्ध्यातच धरली. महेंद्रची रोपं उथळ लागत होती, पाण्याबरोबर तरंगून वर येत होती. दिवसभरात जेवढं लागलं ते बघून महेंद्रनं हातातली जुडी चिखलात आपटली.

"आईनं एकटीनं केलं असतं एवढं," तो म्हणाला आणि तोंड फिरवून बांधावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सोपानराव मोटारसायकलवरून बांधाला आले. गाडीवरून न उतरताच बोलले.

"हौसराव, रोप वाया चाललंय की वो."

"चाललंय खरं."

"माझ्याकडं टोळी हाय. धाडतो की उद्या. पैशाचं मागनं बघू." त्यांनी गाडीची मूठ पिळली, सोडली. "त्या सराचं तेवढं दोन शब्दाचं काम हाय, ते करून टाका. वरनं मोठी माणसं यायची हायत बघायला. गावाचं नाव हुईल."

"तिच्यावर बोलायचं व्हय मी?"

"मेलेल्याला काय ऐकू येतंय, हौसराव? जित्यांचं बघा."

हौसरावनं रोपाकडं बघितलं. शेंडे पिवळे पडले होते. त्यानं बराच वेळ नुसतीच मातीची ढेकळं फोडली. सोपानराव गाडी चालू ठेवून वाट बघत राहिले. त्यांना घाई नव्हती.

त्याच दुपारी शाळेच्या भिंतीपाशी हौसरावला उभं केलं. मागं पोरांची रांग केली. प्रत्येकाच्या हातात संस्थेचा प्लॅस्टिकचा गल्ला. प्रांजल रांगेत नव्हती, पोटात दुखतंय म्हणून घरी थांबली होती. पहिल्यांदा हौसराव पुटपुटला, आवाज आला नाही. दुसऱ्यांदा मधेच शेळी ओरडली, पोरं हसली.

"आबा, चेहरा जरा दुःखी ठेवा," सुदर्शन म्हणाला. "मघाशी आला तेव्हा होता तसा."

तिसऱ्यांदा हौसराव स्वच्छ बोलला. "माझ्या बायकोचं काही उत्पन्न नव्हतं. आम्ही विमा काढला न्हाई. चूक झाली. तुम्ही करू नका."

पोरांनी गल्ले वाजवले. सुदर्शननं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. मऊ, घामेजलेला हात. हौसरावनं घरी येऊन राखेनं हात धुतले, तरी तो मऊपणा जाईनासा झाला.

*

दुसऱ्या दिवशी टोळी आली नाही. सोपानरावाचा फोन लागेना. मग लागला. "आवो, माझ्याबी वावरात पाणी सुटलंय. माझं झालं की धाडतो." मागून बाया बोलल्याचा आवाज येत होता. तीच टोळी होती.

त्याच्या पुढच्या दिवशी, दहिवर अजून वाळलं नव्हतं तोवर, बांधावरून बाया ओळीनं येताना दिसल्या. डोक्याला टापर बांधलेलं, हातात भाकरीची गाठोडी. पुढं गिताबाई. कुणी रामराम केला नाही. दोघी रोप उपटायला बसल्या, बाकीच्या ओल्या वाफ्यात उतरल्या आणि हात चालायला लागले.

हौसराव धावत जाऊन पाणी फिरवायला लागला. वाफ्याच्या कडेला येऊन म्हणाला, "गिताबाई, मला वाटलं तुम्ही येत न्हाई."

"का बरं वाटलं?"

"तू बघते म्हणलीस..."

"मग बघत व्हते की. ते वावर उरकल्याबिगार कशी येणार? सावडीला काय पत्रिका छापावी लागती व्हय, दाजी?" तिनं रोपाच्या मुळाशी अंगठा दाबला. "बाया म्हणल्या, सराचं सरापाशी. झुंबरताई आमच्या चिखलात बसलीया."

मग तिनं पहिल्यांदा वर बघितलं.

"बघितला आम्ही तुमचा पिच्चर. समद्यांच्या मोबाईलवर आलाय."

हौसरावच्या हातातलं फावडं तसंच राहिलं. पाणी वाफा फोडून बाहेर चाललं.

"उत्पन्न नव्हतं म्हणं काय," पलीकडच्या ओळीतली एक म्हातारी म्हणाली. "आमचं तरी काय हाय बाई? शून्यानं शून्याला फेडायचं." दोघीतिघी हसल्या, पण कुणी हात थांबवला नाही.

"ते तसं न्हाई," हौसराव म्हणाला. "सोपानराव म्हणला टोळी देतो. पाणी चाललं व्हतं. मी..."

"पाणी फुटलं बघा तुमचं," गिताबाई म्हणाली. "ते धरा आधी."

दुपारी शितलनं भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा आणला. पहाटे उठून तिनं सगळ्यांपुरतं केलं होतं. सावडीच्या बाया वावरवाल्याच्या घरचं खातात, घरून गाठोडी आणत नाहीत. त्या दिवशी सगळ्यांनी आणली होती. बाभळीखाली बसून त्यांनी आपापली सोडली. शितल टोपली घेऊन उभी राहिली. एका बाईनं तिचं मन राखायला टोपलीतली एक भाकरी उचलली, म्हणाली, "तुझा राग न्हाई गं बाय." हौसराव चहाची किटली घेऊन गेला तेव्हा मात्र सगळ्यांनी हातानं नको म्हटलं.

ऊन कललं तशी गिताबाईनं कंबर सरळ केली आणि वावरावरून नजर फिरवली. "बास," ती म्हणाली. बाया उठल्या. वरचं सगळं वावर हिरवं झालं होतं. चारीकडचा खालचा तुकडा राहिला होता.

"तेवढा तुकडा ऱ्हायला की," हौसराव म्हणाला. "अजून उजेड हाय."

"ताई आमच्यात जेवढी बसली व्हती तेवढं झालं. ही तिची फेड. तुमची न्हाई." गिताबाई हातावरचा चिखल चारीच्या पाण्यात धूत होती. "पुढच्या सालापासून सावडीत तुमची पाळी धरायची न्हाई आम्ही. तुम्ही रोजानं बाया बघा. हिशेबाला बरं पडतं."

त्या बांधावरून गेल्या. जाताना आपसात कुणाच्या तरी सुनेवरून हसत होत्या. हौसरावचा विषयही नव्हता त्यांच्यात.

चारीचं पाणी बंद झालं. हौसराव शाळेत गेला आणि व्हिडिओ पुसायला सांगितला. सुदर्शन म्हणाला, तो आता आपल्या हातात नाही, वर गेला, खूप आवडलाय सगळ्यांना, केंदूरलाही दाखवला. केंदूर म्हणजे झुंबरबाईचं माहेर. तिच्या भावांनी तो पाहिला असणार. त्यांचा फोन आला नाही.

खालच्या तुकड्याला लावायचं रोप वाफ्यातच वाळून गेलं, तिथं अजून नुसती ढेकळं आहेत. हौसराव रोज गिताबाईच्या दारावरून दूध घालायला जातो. आपण खोटं बोललो, एवढं तिला सांगायचं त्याचं राहिलं आहे.